वाचक विचारतात : परवाना मिळाला, पुढे काय?

प्रश्न : खासगी वैमानिकाचा परवाना (पीपीएल) मिळून दोन वर्षं झाली. माझा दवाखाना आहे, एअरलाइनमध्ये जायचं नाही. पण फ्लाइंग क्लबवर गेलं की पहिला प्रश्न, ‘सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) कधी?’ माझ्याबरोबर परवाना घेतलेल्या चौघांपैकी आता कुणीच उडत नाही. हौसेचं उड्डाण टिकवायचं तर काय बदलायला हवं?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : खर्च आहेच, पण तेवढ्यानं उलगडा होत नाही. ॲव्हगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, २०२२पासून आपल्या कोयलीच्या रिफायनरीत तयार होतो, त्याआधी तो आयात व्हायचा. म्हणून काही तुमचे चार मित्र परतले नाहीत. आपल्याकडे उडणं म्हणजे तास भरणं. पीपीएलला किमान ४०, सीपीएलला २००. जो तास आपल्या लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) चढत नाही, त्यात कुणाला राम वाटत नाही. मोडायची ती ही सवय.

त्या चौघांपैकी एकाला फोन करा आणि जोडीनं उडा. जाताना एकानं विमान चालवायचं, दुसऱ्यानं नकाशा आणि रेडिओ सांभाळायचा, येताना अदलाबदल. तास ज्याच्या हाती विमान त्याचाच, खर्च मात्र निम्मा-निम्मा. (वैमानिक नसलेल्या पाहुण्याकडून भाडं घेऊ नका, पीपीएलवर ते चालत नाही.)

मेहसाण्याची धावपट्टी साधारण ९० नॉटिकल मैलांवर, सेस्ना १५२ या दोन आसनी विमानानं तासाभराची वाट. उतरण्याची परवानगी आधी घ्या. ताशी २३ लिटर धरून जाऊन-येऊन ४६, जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्याचे (टॅक्सी) आणि चढाईचे ५, राखीव पाऊण तासाचे १७. झाले ६८ लिटर. आता वजन. कमाल ७५७ किलो. तुमच्या विमानाचं रिकामं वजन ५२० असेल आणि दोघं ९०-९० किलोंचे, तर इंधनाला उरले ५७ किलो, लिटरला ०.७२ किलोनं म्हणजे ७९ लिटर; लागणारे ६८ त्यात बसतात. टाकी ९८ लिटरची असली तरी ती काठोकाठ भरून निघता येणार नाही. हा हिशेब आदल्या रात्री दोघांनी वेगवेगळा करावा आणि मग ताडून पाहावा.

मे महिन्यात दुपारी ४२ अंशांना हरणीच्या, म्हणजे बडोदे विमानतळाच्या, धावपट्टीवर विमानाला हवा ३,००० फुटांच्या वर असल्यासारखी विरळ लागते. धाव लांबते, चढाई मंदावते. सकाळीच निघा. उशीर झाला तर बेत रद्द करा, आणि रद्द करणाऱ्याला कुणी ‘घाबरला’ म्हणता कामा नये.

सगळ्यात अवघड बदल चुका सांगण्याचा. पुढचं चाक आधी टेकून विमान उसळलं आणि शिक्षेच्या भीतीनं कुणी गप्प बसलं, तर इंजिनामागच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) पडलेली सुरकुती पुढच्या माणसाच्या वाट्याला येते. त्या जागेचा पत्रा हातानं चाचपा, पुढच्या स्ट्रटमधून (चाकाच्या धक्के शोषणाऱ्या दांड्यातून) लाल तेल झिरपतंय का बघा. क्लबच्या फळ्यावर ‘आज जोरात टेकलं, तपासा’ असं लिहिणाऱ्याचे सगळ्यांसमोर आभार मानले गेले पाहिजेत. त्याला दंड केलात, तर पुढची नोंद कधीच येणार नाही.

पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी साठतं. उड्डाणाआधी प्रत्येक ड्रेनमधून (इंधन काढायच्या तळाच्या झडपेतून) थोडं इंधन पारदर्शक कपात काढा. वर निळसर ॲव्हगॅस, तळाशी बिनरंगी थेंब दिसला की ते पाणी. थेंब दिसेनासे होईपर्यंत काढत राहा. सगळा कपच बिनरंगी दिसला तर नुसतं पाणीच आलेलं असू शकतं, वास घ्या. क्लबवर आलेल्या शाळकरी पोरांच्या हाती हा कप द्या. कुंपणाबाहेरून विमान बघणाऱ्याला आत येण्याची हीच वाट.

प्रश्न : मुलगी पंधराची आहे, तिला उडायचंय. आत्ता काय करता येईल?
— एक आई, रावपुरा, बडोदे

उत्तर : विद्यार्थी वैमानिकाच्या परवान्यासाठी १६ वर्षं पूर्ण, दहावी पास आणि वैद्यकीय तपासणी लागते; पीपीएल १७व्या वर्षी. तोवर एनसीसीच्या एअर विंगची चौकशी करा. सुट्टीत पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर, तिथली उड्डाणं सुरू आहेत ना हे आधी विचारून, नेऊन आणा. इंजिनाशिवाय विमान हवेत कसं राहतं, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.