पहिलं चित्र घेताय? आधी त्याची पाठ बघा

बडोद्यात राहून फाइन आर्ट्सच्या पोरांची चित्रं घेताय, झकास! हुसेनांचं ‘ग्रामयात्रा’ २०२५ मध्ये शंभर कोटींवर गेलं. तो आकडा तूर्त विसरा.

नवखे सहीला भुलतात. सही खोटी करणं सगळ्यात सोपं. चित्र उलटं करा: गॅलरीचं लेबल, चौकटीचे खिळे, कॅनव्हासवरचे डाग बघा. मालकी कुणाकडून कुणाकडे आली ते कागदावर मागा. ‘आजोबांच्या माळ्यावर सापडलं’ हा कागद नव्हे.

घरी आणल्यावर:
- पुढून-मागून फोटो, ओरखड्यांसकट
- मापं

चोरी झालीच तर पोलिसांना हेच लागतं. माझ्याकडे एका चित्राचा एकच फोटो होता, त्यात अर्धं सोफ्यामागे!

इंटरपोलचं आयडी-आर्ट अ‍ॅप (चोरीला गेलेल्या कलाकृतींची यादी) फुकट आहे, चित्र घेण्याआधी त्यात शोधा. तिथे नोंद नाही म्हणून माल चोख, असं मात्र नाही. विमा-बिमा नंतर बोलू.