बेसबॉलच्या लाइनअपमध्ये, म्हणजे बॅटिंगच्या क्रमात, डावखुरे आणि उजवे बॅटर एकाआड एक लावावेत का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या बेसबॉल संघाची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली आहे, नऊपैकी चार पोट्टे डावखुरे बॅटर आहेत आणि क्रिकेटवाले सहकारी म्हणतात, "डावा-उजवा, डावा-उजवा लावून टाका." मी नागपुरात काही वर्षं कॉलेजच्या पोट्ट्यांचा संघ सांभाळला. हाच सल्ला मीही ऐकला होता.

आमच्याकडे तीन डावखुरे होते. पळायला चपळ तो दुसऱ्या जागी, सिनियर होता तो चौथ्या. आणि संघातला खरा हिटर, फर्स्ट इयरचा पोट्टा, तोही डावखुराच, म्हणून गेला सहाव्यावर. कागदावर क्रम असा देखणा दिसत होता की विचारू नका. शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका रनने मागे, तिसऱ्या बेसवर रनर, दोन आउट. पाचव्या बॅटरने बॉल सरळ वर उडवला आणि खेळ खल्लास. सहावा हेल्मेट घालून, बॅट घेऊन उभाच. म्हणाला, "सर, माझा नंबर आलाच नाही ना!" यातली खरी गंमत घरी आल्यावर कळली: समोरच्या संघात डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, एकही नव्हता. मी जो बंदोबस्त केला तो नसलेल्या चोरासाठी.

क्रिकेटमध्ये डावा-उजवा जोडी एकाच वेळी क्रीजवर असते. एक धाव निघाली की बोलरची लाइन बदलते, फील्डर इकडचे तिकडे. बेसबॉलमध्ये बॅट घेऊन एकच जण उभा असतो, त्यामुळे ती जोडी इथे नाहीच. इथे प्रश्न एवढाच, की पिचरचा हात कोणता.

नागपूरच्या जामठा मैदानावर विदर्भाचा डावखुरा फिरकी बोलर हर्ष दुबे पाहिला असेल, 2024-25 च्या रणजी मोसमात 69 विकेट घेणारा. त्याचा बॉल उजव्या बॅट्समनपासून बाहेर जातो, म्हणून बॅट पोचेपोचेपर्यंत कडा लागते. उजव्या पिचरचे वळणारे बॉल, म्हणजे स्लायडर आणि कर्व्ह, हेही उजव्या बॅटरपासून असेच बाहेर पळतात, फक्त हात उलटा. पिचरला हवेतला लेगस्पिनर समजा. तोच बॉल डावखुऱ्याकडे आत येतो आणि बराच आधीपासून दिसतो. डावा पिचर आला की चित्र उलटं. शिवाय हात जरा आडवा काढणारा पिचर असेल, तर त्याच हाताच्या बॅटरला बॉल पाठीमागून आल्यासारखा वाटतो. चेंजअप, म्हणजे मुद्दाम हळू टाकलेला फसवा बॉल, मात्र दुसऱ्या बाजूला वळतो, म्हणून शहाणा पिचर तो विरुद्ध हाताच्या बॅटरसाठी राखून ठेवतो.

मग अमेरिकेतले मॅनेजर एकाआड एक का लावतात? त्यांच्या समोर भरलेलं बुलपेन, म्हणजे राखीव पिचरांचा ताफा, असतो. सलग तीन डावखुरे दिसले की समोरचा मॅनेजर डावा रिलीफ पिचर, म्हणजे मध्येच येणारा बदली पिचर, आणतो. 2020 पासून तिकडे नियम आहे की रिलीफ पिचरने किमान तीन बॅटरना तरी टाकायचं, किंवा ती अर्धी इनिंग संपवायची. त्यामुळे दोन डावखुऱ्यांच्या मध्ये एक उजवा बसवला, की त्या डाव्या पिचरला त्याच्याशीही भिडावंच लागतं. हे त्यांच्या कामाचं. आपल्याकडे कॉलेजच्या संघात दोन बरे पिचर मिळाले तरी नशीब.

उलट, क्रमात खाली ढकलण्याची किंमत रोज मोजावी लागते. मॅच कोणत्या बॅटरवर संपेल हे नवातल्या कोणाच्याही वाट्याला येऊ शकतं, म्हणजे एक जागा वर असलेल्याला साधारण नऊ मॅचमागे एक संधी जास्त. अमेरिकेतल्या 162 मॅचच्या मोसमात त्या होतात 18. चार जागा खाली ढकलला तर 72! 1927 च्या न्यूयॉर्क यांकीज संघाने बेब रूथ तिसरा आणि लू गेरिग चौथा खेळवला, दोघेही डावखुरे, सलग. रूथने 60 होमरन मारले, गेरिगने 47, संघ 110 मॅच जिंकला. कोणी मध्ये उजवा घुसवला नाही.

तुमचे डावखुरे जिथे खरंच उपयोगी पडतील ती जागा दुसरी. डावखुरा फर्स्ट बेसच्या बाजूला उभा असतो, तिथपर्यंतच्या 90 फुटांत एक-दोन पावलं त्याची वाचतात. आणि पहिला बॅटर बेसवर असला तर फर्स्ट बेसमन त्याला धरून बेसपाशीच उभा राहतो, उजवीकडे भगदाड पडतं. डावखुऱ्याने नेहमीसारखा ओढून मारला की बॉल तिथूनच जातो.

डाव्या पिचरची भीती मात्र खोटी नाही. डाव्या पिचरसमोर डावखुरे जेवढे अडखळतात, तेवढे उजव्यासमोर उजवे अडखळत नाहीत. माझ्या मते त्याचं अर्धं कारण सवय: लहानपणापासून त्यांना डावा हात क्वचितच दिसतो. मी क्रिकेटच्या नेटमधून एक डावखुरा पोट्टा पकडून आणायचो, चहा-समोशावर. रोज पंधरा मिनिटं तो टाकायचा आणि आमचे तिघे नुसते उभे राहून बॉल बघायचे, बॅट न फिरवता. लाइनअपच्या कागदाने जे झालं नाही ते यानं झालं.

तुमच्या चौघांपैकी चांगले दोघे दुसऱ्या-तिसऱ्या जागी सलग आले तर येऊ द्या. कमजोर दोघांना सहावा आणि आठवा करा. नववा उजवाच ठेवा, कारण नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो आणि डावखुऱ्यांची रांग तिथे नकळत लांबते. एक उजवा बॅटर पिंच हिटर, म्हणजे दुसऱ्याच्या जागी बॅट करणारा, म्हणून बाकावर राखा, पण वापरताना जपून. बेसबॉलमध्ये बाहेर काढलेला खेळाडू परत येत नाही. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीचा खेळाडू एकदा परत येऊ शकतो, आणि आपले बरेच पोट्टे तिकडूनच आलेले असतात, म्हणून ही गफलत हमखास होते.