ब्रेथ टेस्टला नकार दिला तर लायसन्स जातं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाच्याला रात्री इंदूरच्या विजय नगरला अडवलं, त्यानं मशीनमध्ये फुंकायला नकार दिला, पोलिसांनी लायसन्स ठेवून घेतलं आणि पावती दिली. आता लायसन्स रद्द होणार का, आणि तोवर त्या पावतीवर गाडी चालवता येईल का?

पावतीचं आधी सांगतो, कारण घाई तिथं आहे. पावतीवर कलम कोणतं लिहिलंय ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६(२) खाली लायसन्स घेतलं असेल तर ते कोर्टात जातं आणि पावतीवर गाडी चालवता येते. पण दारूच्या संशयावरून, म्हणजे कलम १८५ साठी, २०६(४) खाली घेतलं असेल तर ते आरटीओकडे जातं आणि त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. हे पोटकलम २०१९ च्या दुरुस्तीत आलं. लोक जुन्या सवयीनं पावती खिशात ठेवून गाडी काढतात. लायसन्स हरवलं असं सांगून डुप्लिकेट काढायच्या भानगडीतही पडू देऊ नका. तो खोटेपणा ठरतो आणि मूळ केसपेक्षा जास्त महागात पडतो.

आता नकाराबद्दल. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नुसत्या नकारावर लायसन्स निलंबित होतं. आपल्याकडे तसं कलम नाही. नकारामुळे इतर तीन गोष्टी होतात. संशयाला वाजवी कारण असेल तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात (कलम २०३). ठाण्यात पुन्हा एकदा फुंकायची संधी देतात आणि तिथंही नाही म्हटलं तर डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घ्यायला सांगू शकतात (कलम २०४). आणि कोर्टात हा नकार, योग्य कारण दाखवलं नाही तर, सरकारी पुराव्याला बळ देणारी बाब म्हणून धरता येतो (कलम २०५).

इथं एक बारकावा आहे, तो वकिलाला मुद्दाम दाखवा. कलम २०५ असलेल्या पुराव्याला आधार देतं, नसलेला पुरावा तयार करत नाही. १८५ मध्ये मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि ती मशीनवर किंवा दुसऱ्या एखाद्या तपासणीत, म्हणजे लॅबमध्ये वगैरे, दिसायला हवी. नुसता वास, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, तोल जाणं एवढ्यावर नशा सिद्ध होत नाही असं सुप्रीम कोर्टानं १९७१ मध्येच म्हटलंय. म्हणून रक्त घेतलं होतं का, घेतलं तर किती वाजता, हे पहिल्यांदा शोधा. मेडिकलच्या कागदाची प्रत मागा. १८५ मध्ये अटक झाली असेल तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर सोडून द्यावं लागतं (कलम २०२). अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ शेजारी ठेवून बघा. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटनं पुसली होती का, हेही विचारा. तिथं स्पिरिट वापरायचं नसतं.

आरटीओचं काम वेगळं चालतं. नायता मुंडल्याच्या कार्यालयातून नोटीस येईल. कलम १९ प्रमाणे म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश काढता येत नाही, आणि अधिकारी त्याला मोकळंही सोडू शकतात. म्हणून भाच्यानं स्वतः जावं, लेखी उत्तर द्यावं आणि पोच घ्यावी. दमा किंवा छातीचा विकार असल्यामुळे फुंकता आलं नसेल तर जुने औषधाचे कागद जोडावेत, ते २०५ मधलं योग्य कारण ठरू शकतं. पहिला गुन्हा धरला तर तीन महिने लायसन्स बंद, दुसऱ्यांदा असेल तर थेट रद्द. तीन महिन्यांनंतरही रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण केल्याशिवाय कार्ड परत मिळत नाही. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

सगळ्यात मोठा घोळ कोर्टात होतो. १८५ चं चालान जागेवर दंड भरून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोकांना गाडी लवकर सुटायला हवी असते, म्हणून पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दहा हजार भरतात आणि सुटलो म्हणतात. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि १८५ मध्ये दोषी ठरला की कोर्टानं किमान सहा महिने लायसन्स अपात्र करायचं असतं (कलम २०). आरटीओचे तीन महिने वेगळे. पुढं पुन्हा सापडला तर तो दुसरा गुन्हा: १५,००० रुपये किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रक्ताचा अहवाल नसताना अशी कबुली देऊन टाकणं मला अजिबात पटत नाही. गाडीसाठी सुपुर्दगीचा, म्हणजे जप्त गाडी परत ताब्यात मिळण्याचा, अर्ज वेगळा करता येतो, त्यासाठी गुन्हा कबूल करावा लागत नाही.

या काळात त्याला स्टिअरिंगला हात लावू देऊ नका. अपात्र असताना चालवताना सापडला तर १०,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही (कलम १८२).

अपघात झाला असेल तर विम्याचाही विचार करा. टेस्टच झाली नाही म्हणून क्लेम सुरक्षित, असं नाही. टेस्ट नसली तरी विमा कंपनी इतर पुराव्यावरून नशा दाखवू शकते, असं सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलंय.

आणि पुढं कधी अडवलं तर नकार देण्यापेक्षा टेस्ट नीट करून घ्यावी. नळी आपल्यासमोर नवी लावायला सांगायची, फुंकण्याआधी पडद्यावर शून्य आहे ना बघायचं. माउथवॉश किंवा अल्कोहोलचं खोकल्याचं औषध नुकतंच घेतलं असेल तर तसं सांगून पंधरा मिनिटं थांबायची विनंती करायची, कारण तोंडातलं अल्कोहोल आकडा फुगवतं. मग एका दमात, मशीन थांबवेपर्यंत फुंकायचं. अर्धवट फुंकलं तर नमुना अपुरा दाखवतं, आणि कायद्याच्या भाषेत नमुना न देणं हे नकाराच्याच रांगेत बसतं. आकडा चुकीचा वाटला तर लगेच रक्ततपासणी मागायची, तीही लेखी.