पेढे नकोत, चिवडा चालेल

(शाळकरी मुलांचे परदेशी अभ्यासदौरे आणि भाषा या विषयावर वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत जर्मनच्या एक निवृत्त शिक्षिका, पुणे.)

प्रश्न : मुलगी नववीत आहे, जर्मन शिकते. शाळेनं जर्मनीतल्या एका शाळेशी अदलाबदल ठरवली आहे. मे महिन्यात ही तीन आठवडे त्यांच्या घरी राहणार आणि ऑक्टोबरमध्ये त्यांची मुलगी आमच्याकडे येणार. आमचं घर दोन खोल्यांचं, खाणं शाकाहारी, मिस्टर नोकरीला मस्कतला. पाठवावं का? सोबत आमचे कंदी पेढे दिले तर चालतील ना?
— एक आई, सातारा

उत्तर : पेढ्यांचं आधी सांगते, ते विमानतळावरच अडतील. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांना दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. खवा, तूप, चक्का, सगळं त्यात आलं. हापूसची पेटीही नको, ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. पातळ पोह्यांचा चिवडा द्या. शेंगदाण्याची चिक्की देणार असाल तर त्या घरात कुणाला दाण्याची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचारून घ्या.

आता मुख्य प्रश्न. पाठवा. पण त्याआधी शाळेकडून रोजचं वेळापत्रक मागून घ्या आणि मुलगी किती रात्री कुटुंबात झोपणार ते मोजा. मे महिन्यात आपल्याला सुटी असते, त्यांची शाळा चालू असते, म्हणून हा काळ चांगला. फक्त बायर्न किंवा बाडेन-व्युर्टेमबर्ग या दक्षिणेकडच्या राज्यांतली शाळा असेल तर पेंटेकॉस्टची (ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाची) सुटी कधी येते ते बघा, नाहीतर मुलगी जायची आणि वर्ग बंद. बर्लिन, म्युनिक आयुष्यात कधीही बघता येतील. सकाळी आठच्या सुमाराला त्यांच्या वर्गात बसणं आणि संध्याकाळी त्यांच्या टेबलावर जेवणं मात्र पुन्हा मिळायचं नाही.

त्या टेबलावरच खरी अडचण येते. जर्मन मुलांचं इंग्रजी चांगलं असतं आणि माणसं भिडस्त पाहुण्याला सांभाळून घेतात. आपली मुलगी एका वाक्यात अडखळली की सगळं घर इंग्रजीवर येतं. तीन आठवड्यांनी ती इंग्रजी पक्कं करून परतते, जर्मन जिथल्या तिथे! यावर मुलींनीच आपसात ठरवून घ्यावं : शाळेतून आल्यापासून जेवण होईपर्यंत जर्मन, त्यानंतर इंग्रजी. हे इथूनच, पहिल्या ईमेलमध्ये ठरवायला सांगा. तिथे गेल्यावर सांगायची हिंमत होत नाही.

जेवणाचं म्हणाल तर पुष्कळ घरांत संध्याकाळी चूल पेटतच नाही. ब्रेड, चीज, काकडी, टोमॅटो, झालं. आपल्या मुलींना वाटतं, आपल्याला नीट वाढलंच नाही. तिला आधीच सांगून ठेवा. आणि नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही, तिथल्या शाकाहाऱ्यांना अंडं चालतं. चालत नसेल तर तसं वेगळं कळवा. रंगीत गमी बेअर्समध्ये बहुधा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं, हे मुलीला माहीत हवं. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं.

कागदपत्रांत मुलगी अल्पवयीन असल्यानं संमती दोघा पालकांची लागते, तेव्हा मस्कतहून मिस्टरांची सही आत्ताच मागवायला लागा. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा हवा. शिक्षकांसोबत अभ्यासासाठी जाणाऱ्या शाळकरी मुलांना शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालतो त्या व्हिसाची) फी माफ असते, अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. शाळेच्या अंदाजपत्रकात पूर्ण व्हिसा फी धरलेली दिसली तर जरूर विचारा. विचारायला कसली लाज?

रोज फोन करू नका हो. घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं, म्हणजे आपल्या रात्री साडेनऊला तिकडे संध्याकाळचे सहा. आईचा फोन नेमका त्यांच्या जेवणाच्या गप्पांच्या वेळी जातो.

आणि दोन खोल्यांचा संकोच सोडा. तिकडच्या मुलीला स्वतंत्र खोली लागेलच असं नाही. बंद होणारं बाथरूम, झोपायची ठरलेली जागा आणि थोडा वेळ एकटीला बसू देणं, एवढं पुरतं. ही शेवटची गोष्ट आपल्या घरात सगळ्यात अवघड, कारण शेजारच्या काकूंपासून सगळे तिला बघायला येणार. पहिले दोन दिवस त्यांना थोपवा. नवा सोफा घेऊ नका, भाजी निवडायला तिला शेजारी बसवा. एक सरकारी काम मात्र विसरू नका : परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, याला इतकी वर्षं सगळे सी-फॉर्म म्हणत आले. तो शाळा भरणार की तुम्ही, हे लेखी ठरवून घ्या.

प्रश्न : माझी जर्मनची ए-वन, म्हणजे पहिली पातळी, झाली आहे. तेवढ्यावर कुटुंबात निभावेल का?
— अकरावीतला विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : निभावेल, पण पहिले काही दिवस पुस्तकातलं जर्मन ऐकूच येणार नाही. दक्षिणेकडे गेलास तर ‘गूटन टाग’ऐवजी ‘ग्रूस गॉट’ असा नमस्कार कानावर पडेल, आजी-आजोबा तर अस्सल बोलीतच बोलतील. ‘जरा सावकाश बोला’ आणि ‘पुन्हा सांगाल का’ ही दोन वाक्यं झोपेतही म्हणता आली पाहिजेत. व्याकरणाची वही घरी ठेव.

प्रश्न : एका टूरवाल्याने ‘भाषा-विनिमय सहल’ देऊ केली आहे : दहा दिवस, पाच देश, मुलं हॉटेलात. जर्मन आणि फ्रेंच दोन्हींचा सराव होईल म्हणतात. घ्यावी का?
— एक वडील, नागपूर

उत्तर : सहल म्हणून परवडत असेल तर खुशाल घ्या, आयफेल टॉवर छानच आहे. पण दहा दिवसांत पाच देश म्हणजे निम्मा वेळ बसमध्ये आणि बसमध्ये मुलं मराठीतच भांडणार. विनिमयाला समोर कुणीतरी लागतं. तुमच्या घरी कोण येणार आहे, एवढं त्या टूरवाल्याला विचारा.