कॅन्सर नाही, मग मणक्यातली गाठ काढायची कशाला?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या तुमच्या १९ वर्षांच्या भावाला कमरेच्या मणक्यात ऑस्टिओब्लास्टोमा (हाडातली, कॅन्सर नसलेली गाठ) निघालाय, डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, आणि घरचे म्हणतात साधी गाठ आहे तर थांबून बघू.

माझीही तीच गाठ, कमरेच्या पाचव्या (एल-५) मणक्याच्या मागच्या भागात, वय २४. आम्हीही थांबलो होतो, पण नकळत. पाच महिने स्लिप डिस्क समजून शेक आणि व्यायाम. रात्री ठणक्याने जाग यायची, गोळीने तासभर बरं, की पुन्हा तेच. मग एका सकाळी ठाणे स्टेशनचा पूल चढताना मागून एक काकू ओरडल्या, "अगं, चप्पल!" डाव्या पायातली चप्पल चार पायऱ्या खाली पडलेली आणि मला पत्ताच नाही. नंतर डॉक्टरांनी टाचांवर चालायला लावलं, तर डावा पंजा उचललाच जाईना. भावाला आजच असं चालायला सांगा.

साधी म्हणजे ती शरीरभर पसरत नाही, एवढंच. आहे तिथे वाढतेच. पायाकडे जाणारी नस मणक्यातून बाहेर पडते ती हाडातली वाट जेमतेम करंगळीएवढी, आणि ही गाठ बहुधा २ सेंटिमीटरच्या वर, म्हणून नस दाबली जाऊ शकते. (त्याहून लहान असेल तर ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणतात, तो कधी कधी गोळ्यांवर निभावतो.)

माझ्या एमआरआयमध्ये आजूबाजूला इतकी सूज दिसली की आधी टीबीचीच शंका आली. हाड नीट दिसलं ते सीटीत. ऑपरेशनमध्ये गाठ काढून स्क्रू-रॉड बसवले. ठणका आठवड्यात गेला, पंजाला मात्र सात महिने लागले. तोवर स्प्लिंट (पंजाला आधार देणारा पट्टा) लावून लोकल. गाठ १० ते २० टक्के लोकांत परत येते, म्हणून पूर्ण निघेल का, हे सर्जनना स्पष्ट विचारा, आणि नंतरचे स्कॅन चुकवू नका.

लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर तारखेची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा.

अजून एक. एक प्रकारचा हाडाचा कॅन्सर सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब असाच दिसू शकतो. म्हणून बायोप्सी दुसरीकडे दाखवाच. मी परळच्या टाटामध्ये दाखवली. लॅबकडून स्लाइडबरोबर ब्लॉकही (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या, नाहीतर माझ्यासारखा दुसरा हेलपाटा पडेल.