अ‍ॅपवर दोन, खांद्यात सहा

"आईचं अ‍ॅप रोज हिरवं दाखवतंय. मग तिचा हात वर का जात नाही?" समुपदेशक म्हणून काम करताना गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला वेगवेगळ्या घरांतून विचारला गेला आहे. विचारणारा मुलगा किंवा मुलगी बंगळूरला, पुण्याला, नाहीतर परदेशात. आईवडील इथे ग्वाल्हेरला. खांद्याच्या सांधेबदलाची शस्त्रक्रिया बहुधा दिल्लीत झालेली. टाके निघाले की माणूस घरी येतो आणि पुढचा व्यायाम फोनवर चालतो. अ‍ॅप व्हिडिओ दाखवतं, मोजून घेतं, शेवटी शून्य ते दहामध्ये वेदना किती ते विचारतं आणि त्याचा अहवाल फिजिओला आणि मुलांना जातो. ही सोय मला मोलाची वाटते. सत्तरीतल्या माणसाने दर आठवड्याला ३०० किलोमीटरहून लांब जाऊन यायचं, तर व्यायामापेक्षा प्रवासच जास्त व्हायचा.

तरीही हिरवा अहवाल आणि न उचलणारा हात ही जोडी मी पुन्हा पुन्हा बघते. त्यातल्याच एका काकूंबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि पुष्कळ भेटींतलं मोजकंच इथे घेतलं आहे.

काकू ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहतात. काका त्यांना घेऊन आले ते मुलाच्या सांगण्यावरून. "आई मनावर घेत नाही, तिला समजवा," असा निरोप होता. शस्त्रक्रिया होऊन दोन महिने उलटले होते, हात अडकवायची झोळी, म्हणजे स्लिंग, निघाली होती, आणि उजवा हात अजून पोटाशीच धरलेला. काकांनी फोन पुढे केला. कॅलेंडरवर एकही दिवस रिकामा नव्हता. वेदनेच्या रकान्यात रोज दोन.

मी विचारलं, "काकू, आज किती दुख—"

"दोन."

प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. माझ्या कामात मी आकड्यापेक्षा आकडा सांगण्याच्या तऱ्हेकडे जास्त बघते. खरोखर दुखणारा माणूस क्षणभर थांबतो, दुखऱ्या जागेकडे लक्ष नेतो, मग सांगतो. काकूंनी खांद्याला विचारलंच नव्हतं. मी त्या दिवशी काही बोलले नाही. काकांना चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि काकूंना त्यांच्या दिवसाबद्दल विचारत राहिले. ब्लाउज कोण घालून देतं, केस कोण विंचरतं, झोप कशी लागते. "काका घालतात ब्लाउज," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करत खिडकीकडे बघू लागल्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात जे कधी मागावं लागलं नाही ते आता रोज सकाळी मागावं लागतं, हे त्यांच्या मानेवरच दिसत होतं.

पुढच्या एका भेटीत मी पुन्हा तिथेच आले.

"अ‍ॅपला आज काय सांगितलंत?"

"दोन."

"आणि खांद्याला विचारलं तर तो काय म्हणेल?"

या वेळी त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सहा. रात्री सात."

"मग सहा का नाही लिहिलंत?"

"एकदा लिहिलं होतं, ताई. पाच मिनिटांत त्याचा फोन. मग फिजिओला फोन, मग यांना ओरडला, मग म्हणाला रजा टाकून येतो. त्याची नवी नोकरी आहे हो. त्या दिवसापासून मी दोनच लिहिते. दोन लिहिलं की कुणी काही विचारत नाही."

"आणि व्यायाम?"

"व्हिडिओ लावते. बघते. 'झालं' दाबते." मग खालच्या आवाजात, "हात उचलला की वाटतं, आत बसवलेलं निखळेल. ते निखळलं तर पुन्हा दिल्ली, पुन्हा त्याचा खर्च."

मी मुद्दाम घाई केली नाही. इतके आठवडे ज्याला सगळे आळस म्हणत होते, तो आळस नव्हता, हे त्या खोलीत पहिल्यांदा उघडं झालं होतं. मुलाला काळजीत टाकायचं नाही आणि आतला सांधा जपायचा, ही दोन कामं काकू जिवापाड करत होत्या. तिसऱ्यासाठी, म्हणजे खांद्यासाठी, जागाच उरली नव्हती.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारांची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली ही दृष्टी मला आजही सर्वांत उपयोगाची वाटते. 'मुलाला काळजी वाटू नये' ही इच्छा आहे आणि ती चांगली आहे. 'मुलाला काळजी वाटताच कामा नये' हा हुकूम आहे. इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटतं. हुकूम मोडला जाईल असं दिसलं की माणूस लपवालपवी करतो.

मी काकूंना विचारलं, "मुलगा चार तास काळजीत राहिला तर त्याचं नेमकं काय होईल?"

"त्रास होईल त्याला."

"झेपेल?"

त्या जरा वेळाने हसल्या. "झेपेल. तो लहान का आहे? त्याच्या वडिलांच्या बायपासच्या वेळी सगळं त्यानेच तर केलं."

इथून पुढचं काम सोपं होत गेलं. निखळण्याच्या भीतीला मात्र नुसता धीर देऊन भागत नाही, तिला माहिती द्यावी लागते. काकूंसमोरच फिजिओला व्हिडिओ कॉल लावला आणि सांधा समजावून सांगायची विनंती केली. काकूंचा सांधा 'रिव्हर्स' प्रकारचा. खांद्याभोवतीचे स्नायुबंध फाटून सांधा झिजला असेल तर बहुधा हा बसवतात. यात गोळा जातो खांद्याच्या पात्याकडे आणि वाटी दंडाच्या हाडावर, म्हणजे निसर्गाच्या बरोबर उलट. फ्रान्समधल्या पॉल ग्रामों या सर्जनने १९८५ मध्ये या रचनेला आजच्या वळणावर आणलं. फाटलेल्या बंधांचं काम यात खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू उचलतो. "म्हणजे तो नवीन नोकरीवर रुजू झालाय," काकू म्हणाल्या. अगदी तसंच. त्याला शिकायला महिने लागतात आणि सुधारणा वर्षभरही चालू राहू शकते.

निखळण्याचा धोका असतो, फिजिओने तो नाकारला नाही. पण तो कुठे असतो ते दाखवलं. हात पाठीमागे कंबरेकडे नेणं आणि खुर्चीतून उठताना त्या हातावर भार देणं, या दोन गोष्टी काकूंना सध्या वर्ज्य होत्या. दिलेले व्यायाम त्या धोक्यापासून दूरच होते. मनाई नेमकी कळली की बाकीचं रान मोकळं होतं. हे मी अनेक रुग्णांमध्ये पाहिलं आहे: 'जपून करा' या सूचनेने माणूस गोठतो, 'हे करू नका, ते खुशाल करा' या सूचनेने हलतो. तुमच्या डॉक्टरांकडून अशी यादी स्पष्ट मागून घ्या. सांध्याच्या प्रकाराप्रमाणे ती बदलते, तेव्हा शेजारणीची यादी आपल्याला लावू नका.

त्याच कॉलवर काकूंनी पहिल्यांदा 'सहा' सांगितलं. फिजिओने हात उचलून दाखवायला सांगितला. हात छातीपर्यंत आला आणि खांदा कानाकडे चढला, मान वाकडी झाली. "इथेच दुखणार तुम्हाला," ती म्हणाली आणि व्यायामच बदलला. उभ्याने हात उचलणं बंद, टेबलावर टॉवेल ठेवून हात पुढे सरकवणं सुरू. एकदम वीस वेळा करण्याऐवजी दिवसातून तीनदा थोडं थोडं, डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने. रात्री पाठीला उशा लावून अर्धवट बसतं झोपायचं आणि कोपराखाली एक उशी, म्हणजे दंड मागे पडत नाही. एका खऱ्या आकड्याने एवढं मिळालं. दोन-दोनच्या रांगेतून फिजिओला काहीच कळलं नसतं.

मुलाशी मी वेगळं बोलले, काकूंच्या परवानगीने. तो आधी दुखावला. "म्हणजे आई माझ्याशी खोटं बोलत होती?"

मी म्हटलं, "शाळा बुडू नये म्हणून तुम्ही कधी थर्मामीटर झटकून आईला दाखवलाय का? आईला फसवणं हा हेतू नव्हता, शाळा बुडू द्यायची नव्हती. आईचंही आता तसंच आहे."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मी काय करू? मला रोज ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही."

त्याचाही एक हुकूम होता: आई बारा आठवड्यांत पूर्ववत झालीच पाहिजे. आम्ही ठरवलं की रोजचा अहवाल फक्त फिजिओकडे जाईल आणि मुलाला आठवड्यातून एकदा. फोन त्याने जरूर रोज करावा, पण खांद्याची चौकशी आई काढेल तेव्हाच. पहिल्या आठवड्यात त्याला हे फार जड गेलं. त्याने निभावलं, आणि त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे.

काकूंना मी विचारलं की हा हात तुम्हाला सर्वांत आधी कशासाठी हवाय. अ‍ॅपमध्ये उद्दिष्ट अंशांमध्ये होतं. काकू म्हणाल्या, "अंबाडा. स्वतःचा स्वतः." फिजिओने संमती दिली, कारण हात डोक्यामागे नेणं आणि कंबरेमागे नेणं या वेगळ्या हालचाली आहेत. मग भिंतीवर बोटांनी वर चढताना त्या अंश मोजेनाशा झाल्या. थंडीच्या दिवसांत, शस्त्रक्रियेला चार महिने होऊन गेल्यावर, त्यांनी कोपर टेबलावर टेकवून, डोकं हाताकडे झुकवून अंबाडा घातला. सैल होता, पिना काकांनी लावल्या. ब्लाउज अजून काकाच घालून देतात, पण आता ते मागताना काकूंची मान खाली जात नाही.

दूर राहणाऱ्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे: आईने मोठा आकडा सांगितला तर पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस" हे असू द्या. उपाय दुसऱ्या वाक्यात. व्यायामानंतर थोडं दुखून काही तासांत किंवा सकाळपर्यंत निवळलं तर सहसा घाबरायचं कारण नसतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर फिजिओला कळवा. आणि ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पडल्यावर किंवा अचानक उठलेली तीव्र कळ, खांद्याचा आकार बदललेला दिसणं, हाताला बधिरपणा, यांतलं काहीही झालं तर अ‍ॅपमध्ये नोंद करून उत्तराची वाट बघत बसू नका, थेट डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर सरळ जवळच्या रुग्णालयात जा.