वाचकांचे प्रश्न : बटणे हलली, काम अडले

प्रश्न : मी सोलापुरात प्रबंध, न्यायालयीन अर्ज आणि संस्थांचे वार्षिक अहवाल मराठीत टाइप करून देते. मागील महिन्यात लेखनाचे सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झाले आणि वरच्या पट्टीत मी मांडून ठेवलेली बटणे दिसेनाशी झाली. नवी फाइल उघडली की फाँट वेगळा येतो आणि प्रत्येक एन्टरनंतर जादा जागा सुटते. घरचे म्हणतात, सवय होईल. पण माझे काम पानाच्या हिशेबाने चालते आणि एकेक बटण शोधण्यात जाणारा वेळ मला कोणी भरून देत नाही. जुनी मांडणी परत आणता येईल का? आणि वापरणाऱ्यांना न विचारता असे बदल का केले जातात?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि ‘सवय होईल’ हे तिचे उत्तर नव्हे. रोज तेच काम करणाऱ्या माणसाचा हात बटणाची जागा पाठ करून बसलेला असतो. त्या पाठांतरावरच त्याचा वेग, म्हणजेच त्याची कमाई अवलंबून असते. सॉफ्टवेअर बदलणाऱ्यांच्या हिशेबात हे नुकसान क्वचितच धरले जाते.

आपण सॉफ्टवेअरचे नाव कळवलेले नाही, म्हणून बहुतेकांकडे असलेले मायक्रोसॉफ्ट वर्ड डोळ्यांसमोर ठेवून लिहितो. त्यातला सर्वांत मोठा बदल 2007 च्या आवृत्तीत झाला. मेनू आणि टूलबार जाऊन त्यांच्या जागी ‘रिबन’ ही रुंद पट्टी आली. त्यामागे कारण होते. पहिल्या आवृत्तीत सुमारे 100 आज्ञा होत्या, त्या 2003 पर्यंत 1500 च्या वर गेल्या होत्या, आणि लोक ज्या सोयी मागत त्यांतल्या बऱ्याचशा आधीच कुठेतरी मेनूच्या पोटात दडलेल्या असत. त्याआधी ऑफिस 2000 मध्ये कमी वापराच्या आज्ञा मेनूतून आपोआप लपवण्याचा प्रयोग झाला होता. पण त्यामुळे आज दिसलेली आज्ञा उद्या तिथेच दिसेल याची खात्री उरली नाही. रिबन करणाऱ्यांनी निदान हे ओळखले, की वस्तू जागच्या जागी राहिली पाहिजे.

कंपनीने तेव्हा प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार वर्ड 2003 मध्ये पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाच आज्ञांचाच वाटा एकूण वापराच्या 32 टक्के होता. उरलेल्या वापरात मात्र ज्याचे त्याचे काम वेगळे. पत्र लिहिणाऱ्याला तळटीप वर्षातून एकदाही लागत नाही, प्रबंध करणाऱ्याला ती पानागणिक लागते. सरासरीवर बेतलेली मांडणी त्यामुळे नवख्याला सोयीची आणि आपल्यासारख्या व्यावसायिकाला अडचणीची ठरते. तरीही रिबनचा बदल मला समर्थनीय वाटतो, कारण तो एकदाच झाला आणि नवी आवृत्ती विकत घ्यायची की नाही हे ज्याचे त्याला ठरवता येत होते. वर्गणीवर चालणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरमध्ये तो निर्णय आपल्या हातात राहिलेला नाही, आणि माझा खरा आक्षेप त्याला आहे.

आता उपाय. दिसेनाशी झालेली बटणे बहुधा पुसली गेलेली नसून ती पट्टीच लपली असावी. रिबनवर राइट क्लिक करून ‘शो क्विक ॲक्सेस टूलबार’ निवडा. रोजची प्रत्येक आज्ञा राइट क्लिक करून याच पट्टीत टाका, कारण रिबनमध्ये कितीही उलथापालथ झाली तरी इथला क्रम आपला आपणच ठरवतो. शिवाय ऑल्ट दाबून 1, 2, 3 असे अंक दिले की त्या त्या क्रमांकाचे बटण चालते, तेव्हा माउसकडे हात न्यावाच लागत नाही. तळटीपेसाठी कंट्रोल-ऑल्ट-एफ शिकून घ्या. पडद्याची रचना बदलली तरी बोटांना त्याची झळ लागत नाही.

फाँटच्या बाबतीत मराठी टाइप करणाऱ्यांची एक वेगळी अडचण आहे. मूळ फाँट 2007 मध्ये टाइम्स न्यू रोमनऐवजी कॅलिब्री झाला आणि अलीकडे कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉस आला, पण हे सारे रोमन लिपीपुरते. देवनागरीचा फाँट आणि त्याचा आकार वर्ड स्वतंत्रपणे लक्षात ठेवते. कंट्रोल-डी दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा निराळा विभाग असतो. तिथे आपला फाँट आणि आकार निवडून ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबा आणि सर्व नव्या फाइलींसाठीचा पर्याय निवडा. नुसता वरचा, रोमनचा विभाग बदलून अनेकजण फसतात आणि बदल टिकत नाही म्हणून वैतागतात.

एन्टरनंतरच्या जागेसाठी ‘डिझाइन’ टॅबमधील ‘पॅरेग्राफ स्पेसिंग’मध्ये ‘नो पॅरेग्राफ स्पेस’ निवडून शेजारचे ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबावे. आपल्या जुन्या प्रबंधांची पाने यामुळे हलणार नाहीत, कारण ज्या त्या फाइलचे अंतर त्या फाइलमध्येच साठवलेले असते.

सगळे मनासारखे लागले की ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘कस्टमाइझ रिबन’ या वाटेने जाऊन ‘एक्स्पोर्ट ऑल कस्टमायझेशन्स’ करा आणि ती छोटी फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवा. पुढच्या वेळी मांडणी मोडली तर तीच परत आत घेता येते.

प्रश्न : या रोजच्या बदलांना कंटाळून मी वर्डची 2016 चीच आवृत्ती वापरत राहिलो आहे. यात काही धोका आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे. त्या आवृत्तीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही आता मिळत नाहीत, आणि बाहेरून आलेल्या फाइली उघडणाऱ्याने ती जोखीम घेऊ नये. एकदाच पैसे भरून घेण्याची ऑफिस 2024 ही आवृत्ती उपलब्ध आहे. तिला 2029 पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील, मात्र नवनवीन सोयींची भर पडणार नाही, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके हेच. पैसे खर्च करायचे नसतील तर लिबरऑफिस रायटर मोफत आहे. त्यात मराठी इंटरफेस मिळतो, आणि जुन्या पद्धतीचे मेनू व टूलबार हवेत की टॅबची पट्टी, हे ‘व्ह्यू’ मेनूतील ‘यूझर इंटरफेस’मधून आपणच ठरवायचे असते. फक्त वर्डमध्ये केलेली मोठी फाइल तिथे उघडल्यावर पाने आणि तक्ते थोडेफार सरकू शकतात, म्हणून पूर्ण काम तिकडे नेण्यापूर्वी आपली सर्वांत गुंतागुंतीची एक फाइल उघडून, तिची छापील प्रत काढून पाहावी.